धागे : नऊ

रात्री अकराला दौलतगंजात
बँकेचं शटर अर्धं खाली.
बाहेर धुकं इतकं की
रामसेवक कुशवाहाची बिडी तेवढी दिसते,
रामसेवक नाही.

आत सर्व्हरच्या पाठीशी मात्र ऊब असते.
जानेवारीभर मी तिथेच उभी,
पंख्यांच्या गरम झोतात बोटं धरून.
ती वळायला लागली
की मगच कीबोर्ड.

काळा पडदा. एक ओळ लिहायची, एंटर.
तोही एकाच ओळीत उत्तर देतो,
जुन्या मुनिमासारखा,
मान वर न करता.

फोन खांद्याने कानाशी दाबलेला.
पलीकडे बंगळूरला, मुलीच्या तेराव्या मजल्यावर
महाडिक काका जागे.
एकतीस डिसेंबरला निवृत्त झाले :
शाल, श्रीफळ, गजकचा डबा,
आणि तेव्हापासून रोज अकराला फोन.
"हं, वाच."

"अपटाइम, एक कोटी शहाऐंशी लाख
बासष्ट हजार चारशे सेकंद."
कागद न घेता ते भागाकार करतात :
"दोनशे सोळा दिवस. जूनची ती रात्र.
गल्लीतली डीपी उडाली होती
आणि तू टॉर्च धरायचा सोडून रडत होतीस."
मी रडत नव्हते. घाम होता तो.

"प्रश्न?"
"पाच कोटी एकोणसाठ लाख
सत्त्याऐंशी हजार दोनशे बारा."
कुणाची शिल्लक किती, कुणाचा हप्ता चुकला,
गोळेबाईंची पेन्शन जमा झाली का
(हे दिवसातून चारदा, बाई स्वतः काउंटरवर येऊन).
सेकंदाला सरासरी तीन.
माणूस असता तर केव्हाच राजीनामा देता.

"रेंगाळलेले?"
"सदतीस."
"सप्टेंबरच्या व्याजाचे असतील. असू देत.
मोठा हिशेब घाईत होत नसतो."

"धागे?"
"नऊ."

इथे ते थांबले.
"रात्री अकराला आठ असतात.
सात बँकेचे. आठवी तू,
विचारणाऱ्याचाही एक धागा धरावा लागतो.
नववा कोण?"

मी यादी काढली.
सगळे झोपलेले. एकापुढचा आकडा मात्र
रकान्याबाहेर सांडलेला :
सतरा लाख सत्तेचाळीस हजार आठशे सेकंद.
नाव वाचलं.
परत वाचलं.

"तुम्ही, काका."

तिकडे कुठेतरी लिफ्ट थांबल्याचा आवाज.

साडेपाचला त्यांनी पडदा तेवढा बंद केला होता,
हार गळ्यात तसाच, फोटोवाला घाई करत होता.
टेबलाखालचं मशीन कुणी पाहिलंच नाही.
वीस दिवस कोपऱ्यात तो हिरवा दिवा,
आणि ताटकळायची मुदत त्यांनीच
वर्षभराची लावून ठेवलेली,
काउंटरच्या मुलींची लाईन सारखी तुटते म्हणून.

"माझं काही चालू होतं का गं?"
"नाही. स्लीप लिहिलंय.
काही मागितलेलं नाही."
"मग मार की. धागाच आहे."

क्रमांक लिहिला.
एंटरवरचं बोट पुन्हा गार पडलेलं.

धागे : आठ.
कोपऱ्यात काहीच झालं नाही,
दिवासुद्धा हलला नाही.

"झालं?"
"झालं."
"आता पिंग कर."
"जिवंत आहे म्हणतो."

"हे तो मोजत नाही, माहितेय ना?" काका म्हणाले.
"खुशाली विचारलेली त्या पाच कोटींत धरत नाहीत.
कितीदाही विचारावी."
आणि नेहमीसारखा, अच्छा न म्हणताच
फोन ठेवला.

शटरवर काठी वाजली.
"मैडमजी, है गओ?"

"आले," म्हटलं,
आणि आणखी एकदा पिंग केलं.